फवारणीआधी रक्त तपासा

माझा धाकटा भाऊ कळंबच्या शिवारात रोजाने फवारणीला जातो. कपाशी डोक्याएवढी झाली की फवारा तोंडावरच येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेनं वीसहून अधिक जीव घेतले. मळमळ, घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर ऊन लागलं समजून माणसाला निजवू नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, फवारलेल्या औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठा. त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, छातीतला स्राव आटेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. एका सुईनं बरं वाटलं म्हणून घरी आणू नका. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांमुळे रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर घटतं. नंतरची घट कळावी म्हणून ते हंगामाआधी तालुक्यातच, फुकट तपासावं. त्या दिवसाची मजुरीही द्यावी, नाहीतर मजूर येणार नाही.