पंप मोठा नको, दाब नेमका हवा

सत्तरच्या दशकातल्या शेव्हरले पिकअपमध्ये जनरल मोटर्सचं 'एलएस' इंजिन बसवणं हा अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा आता चांगलाच रुळलेला उद्योग आहे. १९९७च्या कॉर्व्हेटमधून पुढे आलेलं हे व्ही-८ घराणं नंतर असंख्य ट्रकमध्ये गेलं. त्यामुळे ते भंगारबाजारात सहज सापडतं. माउंट, गिअरबॉक्स, वायरिंग यांवर महिनोन् महिने खल होतो. पेट्रोलचा पंप मात्र अगदी शेवटी, 'सगळ्यात मोठा द्या' असं सांगून विकत घेतला जातो. हा क्रमच चुकीचा आहे. इंजेक्टरला किती दाब हवा हे आधी ठरलं पाहिजे आणि पंप त्यानंतर निवडला पाहिजे.

कार्बोरेटरच्या जुन्या पिकअपमध्ये इंजिनावरचा यांत्रिक पंप जेमतेम ४ ते ७ पीएसआय दाब देतो. एलएसला लागतात ५८ पीएसआय, म्हणजे ४ बार. जनरल मोटर्सच्याच ऐंशीच्या दशकातल्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं काम ९ ते १३ पीएसआयवर भागत होतं, तर इतर अनेक इंजिनांना ३ बार लागतो. इंजिन इंजेक्शनचं आहे एवढ्यावरून दाब कळत नाही. तो त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा लागतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? या पिढीतल्या इंजिनाचा संगणक पेट्रोल मोजत नाही. आत आलेली हवा पाहून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा तेवढं तो ठरवतो. दाब ठरल्याप्रमाणे आहे, हे तो गृहीतच धरतो. इंजेक्टरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ५८च्या जागी ४३.५ पीएसआय मिळाले, तर पेट्रोल सुमारे १३ टक्क्यांनी घटतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो आणि गाडी ठीक वाटते. खरा धोका पूर्ण रेस दिल्यावर असतो. तेव्हा ती दुरुस्ती थांबते, मिश्रण लीन होतं, इंजिन नॉक करू लागतं आणि पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. उलट ४३.५च्या इंजिनाला ५८ दिले, तर सुमारे १५ टक्के जादा पेट्रोल जातं. मग काळा धूर निघतो, प्लग काजळतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्य घटतं.

दाब धरून ठेवण्याचं काम रेग्युलेटरचं असतं. पंप फक्त पेट्रोल ढकलतो. ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण ताकदीवर तासाला साधारण ९० लिटर पेट्रोल पुरतं. अशा वेळी ताशी २५५ लिटरचा पंप भरपूर झाला, दाब चढल्यावर त्याचा प्रवाह घटतो हे धरूनही. त्याहून मोठा पंप जास्त करंट खातो आणि पेट्रोल फिरवून फिरवून तापवतो. रिटर्न लाइन बारीक असेल, तर दाब ठरलेल्या आकड्यावर उतरतच नाही.

१९९९ ते २००३च्या कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर हा यावरचा सुरेख आणि स्वस्त तोडगा आहे. तो ५८ पीएसआयला बांधलेला असतो आणि जादा पेट्रोल टाकीजवळूनच परत पाठवतो, त्यामुळे इंजिनापर्यंत एकच नळी न्यावी लागते. पण त्याला मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमचा पत्ता नसतो. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.६ बारने कमी असेल, तर इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक ४.६ बार होतो आणि पेट्रोल ७ टक्के जास्त जातं. संगणकातल्या तक्त्यात हे नोंदवलंच पाहिजे. रेग्युलेटरची निवड आणि ट्यूनिंग वेगवेगळ्या माणसांकडे सोपवलं, की नेमकं हेच राहून जातं.

होजचंही तसंच. कार्बोरेटरसाठीचा '३०आर७' होज ५० पीएसआयपर्यंतचा असतो. इथे '३०आर९' दर्जाचाच हवा, आणि क्लॅम्पही इंजेक्शनचे. तापलेल्या एक्झॉस्टजवळ ५८ पीएसआयची पिचकारी उडाली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही.

कार्बोरेटरच्या जुन्या जिप्सीत नंतरचं एमपीएफआय इंजिन बसवणारे हौशी आपल्याकडेही आहेत. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या आधारे स्पष्ट केलं. त्यामुळे आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिनाला हात लावू नये. त्यात आता ई-२० पेट्रोल आलं आहे. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ते वजनाने सुमारे ९ टक्के जास्त लागतं. दाब तोच राहतो, पंपाची क्षमता मात्र हा वाढीव प्रवाह धरून ठरवावी लागते, आणि रबरी भाग इथेनॉल सोसणारेच घ्यावे लागतात.

गॅरेजवाल्याने काम सोपवताना दाबाचे आकडे बिलावर लिहून द्यावेत आणि ग्राहकाने ते मागून घ्यावेत. गेज काचेबाहेर, वायपरखाली अडकवून बंदिस्त ट्रॅकवर किंवा डायनोवर गाडी पूर्ण रेसवर पळवावी. रेग्युलेटरचा प्रकार लक्षात घेऊनही काटा ठरलेल्या दाबाखाली उतरू लागला, तर तिथेच पाय काढावा आणि आधी पंपाच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज मोजावा. बारीक वायर आणि कच्चा अर्थ यांमुळेही चांगला पंप धापा टाकू लागतो. इंजिन बंद पडलं की पंपाचा वीजपुरवठा आपोआप तोडणारा रिलेही गाडी ताब्यात घेण्याआधीच तपासून घ्यावा.