कढई इथली, तेल कुठले?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातल्या गाड्यावर भज्यांचा घाणा निघतो, तेव्हा कढईतले तेल बहुधा पामचे असते. इंडोनेशिया किंवा मलेशियातून जहाजाने आलेले. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो. त्यामुळे २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली, तेव्हा गाडेवाल्याचाही जीव टांगणीला लागला. युक्रेन युद्धाने सूर्यफूल तेल आधीच महाग केले होते. ती बंदी महिन्याच्या आत उठली, एवढेच नशीब.

याच चौकातून जाणाऱ्या जालना रस्त्याने शहराबाहेर पडा, कापूस-सोयाबीनची शिवारे लागतात. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के, बाकी पेंड. तिचा भाव ठरताना ब्राझील-अर्जेंटिनातले पीक मोजले जाते, पैठणचा पाऊस नव्हे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ अखेर, पेरणीच्या तोंडावर, १० टक्क्यांवर आणले. गिऱ्हाइकाला दिलासा हवा, हे मान्य. पण २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपयांचा हमीभाव जाहीर असताना बाजारात त्याहून कमी भावाने सोयाबीन विकलेल्या शेतकऱ्याने पुन्हा तेच का पेरावे? (तोही संध्याकाळी चौकात भजी खातोच.) शुल्क किती ठेवायचे ते सरकारने पेरणीपूर्वी सांगावे आणि माल बाजारात येईपर्यंत त्याला हात लावू नये.