तयार कृतिसंशोधन मिळेल का?



जानेवारी उजाडला की माझ्या फोनवर एकाच मजकुराचे मेसेज यायला लागतात. "मॅडम, तयार कृतिसंशोधन असेल तर पाठवा ना. वर्डमध्ये असेल तर बरं, नाव आणि शाळा बदलता येईल." पाठवणारे बहुतेक ओळखीचे, मेहनती शिक्षक असतात. त्यांच्या वर्गात मी गेलेय, त्यांची मुलं छान वाचतात. तरीही फाइल मात्र दुसऱ्याची हवी असते.

मी पाठवत नाही. पण रागावतही नाही, कारण मला तो अधिकार नाही. का नाही, ते आधी सांगते.

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला माझा विषय होता 'इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांना जोडाक्षरे वाचताना येणाऱ्या अडचणी'. सराव शाळेत वीस मुलांची पूर्वचाचणी मी खरोखर घेतली. शब्दकार्ड केली, आठ-दहा तास घेतले. मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं, मुलं नाचाच्या तालमीला गेली आणि आमचा तिथला कालावधी संपला. उत्तरचाचणी राहिली ती राहिलीच. अहवाल तर सोमवारी द्यायचा होता. रविवारी रात्री हॉस्टेलच्या खोलीत मी वीस मुलांचे उत्तरचाचणीचे गुण स्वतःच भरले. कोणाला तीन वाढवले, कोणाला चार. खरं वाटावं म्हणून एका मुलाचा एक गुण कमी केला. सरासरी काढली, स्तंभालेख रंगवला, निष्कर्षात 'लक्षणीय वाढ दिसून आली' असं लिहिलं. मला चांगले गुण मिळाले.

त्या मुलाला पुढं जोडाक्षरं वाचता आली का, हे मला आजही माहीत नाही. कार्डांचा उपयोग होतो की नाही, हेही त्या अहवालातून कळत नाही. पुढच्या वर्षीच्या मुली तो अहवाल उतरवून घेऊन गेल्या, एवढं मात्र मला माहीत आहे.

म्हणून आज जरा संशोधनावर बोलू या. आपल्या पुस्तकात शास्त्रज्ञ म्हणजे दाढीवाला फोटो आणि खाली 'यांनी अमुक शोध लावला' एवढंच असतं. मधलं काम, म्हणजे मोजणं, तुलना करणं, स्वतःवरच शंका घेणं, कुठंच दिसत नाही. ते न दिसल्यामुळेच आपल्याला वाटतं की संशोधन म्हणजे एक नमुना, त्यात माहिती भरायची.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केलं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, अंगावर पाजायला आईला मदत करणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून घरातच उपचार करणं, हे सगळं त्या शिकल्या. हे काम ३९ गावांत झालं. आता लक्ष द्या, शेजारच्या ४७ गावांत हे काम केलं नाही. तिथं नेहमीची सरकारी आरोग्यसेवा चालू होती आणि जन्म-मृत्यूंची मोजणी तेवढी होत होती.

सुरुवातीला ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती, आणि ४७ गावांत ५८. म्हणजे दोन्हीकडे साधारण सारखंच दुःख. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपास, होता तिथंच. हा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात ना, ती पद्धत २०११ पासून देशभर सुरू झाली, तिच्या मुळाशी हे काम आहे.

ती ४७ गावं नसती तर? कोणीही म्हणालं असतं, त्या वर्षांत पाऊस बरा झाला असेल, रस्ते आले असतील, लोक शहाणे झाले असतील, म्हणून मृत्यू कमी झाले. पाऊस आणि रस्ते काही फक्त ३९ गावांतच आले नसणार, हे दाखवायला ती दुसरी गावं लागली.

आता आपल्या फाइली काढून बघा. जुलैत पूर्वचाचणी, डिसेंबरात उत्तरचाचणी, आणि मधे आपला 'उपक्रम'. गुण वाढणारच हो! पाच महिन्यांत मूल पाच महिन्यांनी मोठंही झालेलं असतं. शेजारच्या तुकडीची तीच चाचणी आपण कधी घेतली का? मी तरी नव्हती घेतली.

दुसरी गोष्ट आकड्यांची. मेंडेलचं नाव सगळ्यांना पाठ आहे. ब्रनोच्या मठाच्या बागेत या धर्मगुरूने १८५६ पासून आठेक वर्षं वाटाण्याच्या झाडांवर काम केलं. संकरातून आलेल्या पुढच्या पिढीच्या बिया त्याने मोजल्या, तर ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या निघाल्या. एकूण ७३२४ बिया! वर्गात आपण फळ्यावर झटकन '३:१' लिहून मोकळे होतो. पण भागाकार करून बघा, बरोबर तीन येत नाही, २.९६ येतं. खऱ्या मोजणीला असा थोडा खरखरीतपणा असतोच. मुलांना नियम सांगण्याआधी हे दोन आकडे द्यावेत आणि भागाकार त्यांनाच करू द्यावा, असं माझं मत आहे.

यातली खरी गंमत पुढं आहे. १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने मेंडेलचे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि म्हणाला, हे आकडे अपेक्षेच्या फारच जवळ आहेत. एखाद-दुसरा आकडा जवळ येईल, पण सगळेच इतके नेटके कसे? कोणी मदतनिसाने तर जुळवले नाहीत? त्यावर आजवर वाद चालू आहे आणि मेंडेलच्या बाजूनेही पुष्कळ लिहिलं गेलंय. मेंडेलचा नियम पक्का आहे, त्याला धक्का लागलेला नाही. पण मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी रविवारची रात्र आठवली. एक गुण मुद्दाम कमी केला म्हणजे फसवता येतं, असं मला वाटलं होतं. सत्तर वर्षांनंतरही आकड्यांचा वास घेणारा कोणीतरी भेटतो.

संगणकाच्या क्षेत्रातली एक हकीकत तर चौथीच्या गणिताच्या तासाला सांगण्यासारखी आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांवर आकडेमोड करत होते आणि उत्तर जुळत नव्हतं. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग बाकीच्या शक्यता एकेक करून बाजूला काढल्या. जुन्या संगणकावर तेच गणित घातलं तर बरोबर यायचं, नव्या पेंटियमवर चुकायचं. चूक चक्क चिपच्या भागाकारात होती! ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणा, आणि मूळ संख्येतून वजा करा. शून्य यायला हवं. त्या चिपवर २५६ यायचं. इंटेल कंपनीला अखेर चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि त्यापायी सुमारे ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. भागाकाराचा ताळा करा म्हटलं की मुलं तोंड वाकडं करतात. त्यांना हे सांगा. आणि नाइसलींनी पहिली शंका स्वतःच्या कामावर घेतली, हेही सांगा.

आता इमारतीकडं येते, कारण यावर्षी आमच्या वर्गाचं संशोधन इमारतीवरच झालं.

वेरूळची लेणी आपण सहलीला दाखवतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या मातीच्या गिलाव्याचं किड्यांनी बरंच नुकसान केलं, पण वेरूळच्या गिलाव्यात किड्यांचा तसा मागमूस दिसत नाही. असं का, हा प्रश्न पुरातत्त्व खात्यातल्या एका रसायनतज्ज्ञाला आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाला पडला. वेरूळच्या गिलाव्याचे नमुने त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या वनस्पतींच्या नमुन्यांशी ताडून बघितले, तर त्यात भांगेच्या झाडाचे तंतू निघाले. २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या तंतूंमुळेच किडे लांब राहिले असावेत, असं त्यांचं म्हणणं आहे. पुन्हा बघा, दोन जागा शेजारी ठेवल्या म्हणून प्रश्न पडला. नुसतं वेरूळ बघून 'वा, छान टिकलंय' एवढंच म्हणता आलं असतं.

आमच्या चौथीच्या वर्गात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात ओल येते. दरवर्षी त्या कोपऱ्याच्या बरोबर वर, स्लॅबवर, डांबर ओततात. दरवर्षी पुन्हा ओल येते. यंदा जूनमध्ये मी मुलांना म्हटलं, आपण हिला मोजू या. दर सोमवारी बाकावर उभं राहून मी ओलीच्या कडेनं पेन्सिलीने रेघ मारायची आणि शेजारी तारीख घालायची. बाहेर सरळ बाजूंच्या बाटलीचा पर्जन्यमापक ठेवला, त्याची नोंद मुलं रोज करायची. दोन रकाने, बास. रंगीत कागद नाही, थर्माकोल नाही.

महिनाभरात मुलांच्याच लक्षात आलं की पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी ओल वाढतेच आहे. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, वर पाणी साठत असंल." त्याचे वडील गवंडी आहेत. त्यांना बोलावलं, ते वर चढले. आमच्या कोपऱ्यापासून चांगलं दहा फूट लांब पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड पाल्याने तुंबलेलं, आणि तिथंच कठड्याच्या सांध्यात पिंपळाचं रोप. त्याची मुळं आत शिरलेली. ते म्हणाले, "मॅडम, जिथं गळतं तिथं भोक नसतंच. पाणी वाट काढत येतं." इतकी वर्षं आपण डांबर कुठं ओतत होतो!

पाइप मोकळा केला. पिंपळ तोडायला कोणी तयार होईना, म्हणून मुळासकट सोडवून कुंपणाशी लावला. सांधा भरून घेतला. पुढचे तीन सोमवार ओलीच्या रेघा आत आत येत गेल्या. मुलं खूश, मी त्याहून खूश. मग ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला आणि चौथ्या सोमवारी ओल पुन्हा वितभर बाहेर आली.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही शेवटची रेघ मारायला नको का? नाही मारली तर तक्ता छान दिसंल."

तिचं वय नऊ. माझं तेव्हा वीस होतं. मी काही उपदेश केला नाही, बाकावर चढले आणि रेघ मारली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून विचार केला, आता कुठून येत असेल?

तुम्ही म्हणाल, मॅडम, वेळ कुठंय? ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. खरं आहे, सगळं मान्य. पण मी तुम्हाला ऐंशी पानांचं काही करा म्हणत नाही. हजेरीपट तर आपण भरतोच. बाजाराच्या दिवशी हजेरी खरंच कमी असते की आपल्याला तसं वाटतं, हे वर्षभराच्या पटावरून मोजायला एक दुपार लागते. शुद्धलेखनाची चाचणी घेणारच असाल तर शेजारच्या शाळेतल्या मैत्रिणीलाही तीच घ्यायला सांगा. एक प्रश्न, एक पान.

एक मागणी मात्र वरच्यांकडे आहे. कृतिसंशोधन तपासणाऱ्यांनी 'उपक्रमाने फरक पडला नाही' असा निष्कर्षही पूर्ण गुण देऊन स्वीकारला पाहिजे. आज असा अहवाल कोणी दिला तर तो 'अपयशी' ठरतो, म्हणून कोणी देत नाही, म्हणून सगळ्यांचे सगळे उपक्रम दरवर्षी यशस्वी होतात. जिल्ह्यातल्या सगळ्या फाइली एकत्र करून फिशरसाहेबांपुढं ठेवल्या तर ते काय म्हणतील, याचा विचार करा.

आमचा तक्ता मी शिक्षण परिषदेत दाखवला. एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "शेवटी गळती थांबली का?" म्हटलं, "नाही सर, पण कमी झाली. आता खिडकीच्या छज्जावर संशय आहे." तिथंही आम्ही पेन्सिलीची रेघ मारून ठेवलीय. दिवाळीच्या सुट्टीत वर्गाला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्याला सांगितलंय, तो एक कोपरा सोडा.