बी कोणाचं, हक्क कोणाचा?



मागच्या बैठकीत एका काकांनी विचारलं, "बीटी बीटी म्हणतात, ते बी बनवतात तरी कसं? कंपनी त्याच्यात औषध भरते का?" मी बारावी सायन्स शिकलो म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आता वाचून, समजून लिहितो आहे.

औषध भरत नाहीत. मातीत ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू असतो. डोळ्याला दिसत नाही. झाडाला जखम झाली की तो तिथे चिकटतो आणि गाठ येते. या जिवाणूच्या आत एक बारीक गोल कडं असतं, हातातल्या कड्यासारखं. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. त्या कड्यातला एक तुकडा जिवाणू झाडाच्या पेशीत सोडतो. तो तुकडा झाडाच्या जनुकांत जाऊन बसतो. मग झाड त्याचं ऐकतं, गाठ वाढवतं आणि जिवाणूला खाणं बनवून देतं.

१९७४ साली बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी हे कडं शोधलं. पुढे गाठ आणणारा भाग काढून तिथे पाहिजे तो जनुक बसवायची रीत निघाली. १९८३ मध्ये अशी पहिली झाडं तयार झाली. कापसात बसवला तो जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या दुसऱ्या जिवाणूचा, म्हणून नाव बीटी. त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवतं. २००२ मध्ये आपल्या देशात मंजूर झालेला पहिला बीटी कापूस याच वाटेने आला.

म्हणजे कडं मातीतल्या जिवाणूचं, जनुकही जिवाणूचा. ते कोणत्याच कंपनीने बनवलेले नाहीत. पण दोन्ही जोडले आणि कंपनी मालक झाली. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १६०० रुपये घेतले. माझं भांडण विज्ञानाशी नाही, या मालकीशी आहे.

आमच्या घरचं सांगतो. दाव्याच्या जमिनीवर बाबांनी ज्वारी, तूर, उडीद सोडून बीटी लावलं. सातबारा नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. बी-खत उधारीवर घेतलं. पाऊस लांबला, कापूस गेला, उधारी राहिली. घरात खायला दाणा नव्हता. ज्वारी पेरली असती तर निदान भाकरी तरी मिळाली असती. आणि ते बी संकरित, त्याचं बी ठेवून परत पेरलं तर तसं पीक येत नाही. दर वर्षी दुकानात जावंच लागतं.

अळीही शिकते. २०१० मध्ये कंपनीनेच कबूल केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. तेव्हा म्हणाले, दोन जनुकांचं नवीन बी घ्या. उद्या तिसरं येईल.

बीटी वांगंही असंच येणार होतं. लोक सुनावणीत बोलले, नागपूरलाही बोलले. ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे मंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. बोललं तर थांबतं, हे लक्षात ठेवा.

आपण जमिनीसाठी दावे भरले. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ (१) मध्ये जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञान यांच्यावर गावाचा सामूहिक हक्कही लिहिला आहे. तो आपण मागतच नाही! म्हणून माझं म्हणणं असं: प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावच्या बियाण्यांची यादी करावी. मोर, बंटी, ज्वारी, तूर, सगळं लिहावं. कोणती आजी कोणतं बी राखेत घोळून ठेवते तेही लिहावं. सामूहिक दाव्यात ते जोडावं. कापूस लावायचा तर लावा, पण सगळं रान त्याला देऊ नका. खायचं पीक आणि घरचं बी आधी.

जमीन मिळाली आणि बी गेलं, तर आपण आपल्याच जमिनीवर दुसऱ्याचे मजूर होऊ.

जिंदाबाद!