राखणदार कुणाच्या बाजूने?

घरात कुणाला मोठे दुखणे निघाले, की भेटीला येणारा प्रत्येक जण एक सल्ला हमखास देऊन जातो : प्रतिकारशक्ती वाढवा! कुणी गुळवेल सुचवतो, कुणी महागड्या भुकटीचा डबाच आणून ठेवतो. त्यामागची माया खरी असते. पण मेंदूतल्या गाठीपुरते बोलायचे तर हा सल्ला मुळातच चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मेंदूला स्वत:चे राखणदार असतात. मायक्रोग्लिया हे त्या पेशींचे नाव. माद्रिदच्या पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली चांदीच्या क्षाराचा रंग देऊन त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. गर्भ काही आठवड्यांचा असतानाच त्या मेंदूत वस्तीला येतात आणि बारीक फांद्या हलवीत सतत आजूबाजूचा कानोसा घेतात. जंतू दिसला, मेलेली पेशी दिसली, की गिळून टाकायची.

आता ग्लिओब्लास्टोमा पाहा. मेंदूच्या कर्करोगांतला हा अत्यंत घातक प्रकार. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड ही आजची रूढ पद्धत ज्या चाचणीतून २००५ साली पुढे आली, तिच्यातही निम्मे रुग्ण पंधरा महिन्यांपलीकडे जगले नाहीत. अशा गाठीतल्या एक तृतीयांश, कधी निम्म्यापर्यंत पेशी कर्करोगाच्या नसतातच. त्या असतात हेच राखणदार आणि रक्तातून आलेली त्यांची भावंडे! म्हणजे पहारा कमी पडला असे नव्हे. पहारेकऱ्यांची तर गर्दी झालेली असते.

मग ते करतात काय? गाठ रासायनिक निरोप धाडून त्यांना बोलावते आणि कामाला लावते. ते वाढीला पोषक द्रव्ये स्रवतात, पेशींमधला दुवा विरघळवून गाठीला पसरायला वाट करून देतात, लढणाऱ्या टी-पेशींना गप्प बसवतात. याला फितुरी म्हणण्याचा मोह होतो. मला ते अन्यायाचे वाटते. जखम भरून काढताना शरीर साधारण हेच करते. गाठ म्हणजे न भरणारी जखम, हा विचार हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ सालीच मांडला होता. बिचारा राखणदार इमानेइतबारे डागडुजी करतो आहे. घर मात्र चोराचे!

या पेशींना वळवता येईल का? २०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी एका औषधाने उंदरांत ते साधले. पेशी मेल्या नाहीत, त्यांचे वागणे बदलले आणि गाठी आक्रसल्या. पण त्याच जातीचे दुसरे औषध माणसांत निष्प्रभ ठरल्याचे २०१६ साली जाहीर झाले. त्याच वर्षी कळले, की उंदरांतही निम्म्याहून अधिक गाठी पुन्हा उलटतात. टी-पेशींचा लगाम सोडणाऱ्या ज्या उपचारामागच्या संशोधनाला २०१८ चे नोबेल मिळाले, तोही उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमात जुन्या औषधापेक्षा सरस ठरला नाही.

जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा जिथे अडखळल्या, तिथे डब्यातली भुकटी काय करणार? विकणाऱ्याला खुशाल विचारावे : वाढवणार ती नेमकी कोणती पेशी, आणि ती कुणाचे काम करते आहे?

पैसे जातात ते एक वेळ सोसता येते. पण 'स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते' असे ऐकून काही घरांत मेंदूची सूज उतरवणारे डेक्सामेथासोन परस्पर बंद केले जाते. ते शक्य तितके कमी द्यावे, असे डॉक्टरांनाही वाटते. पण डोस उतरवायचा तो त्यांनीच, हळूहळू. एकदम थांबवले, तर सूज पुन्हा चढते आणि जिवावर बेतू शकते.