चालतंय ना, मग कशाला?

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे आपल्याकडच्या घरोघरच्या कॉम्प्युटरचं ब्रीदवाक्य आहे. वर्षानुवर्षं मीही तेच म्हणत आलो. हल्ली मात्र कुणी ते उच्चारलं की माझं डोकं फिरतं.

बाबांनी २००३ साली रिटायर झाल्यावर आठवणी लिहायला घेतल्या. घरात विंडोज ९८ चा कॉम्प्युटर, मराठीसाठी विकत घेतलेलं एक सॉफ्टवेअर (नाव नको), आणि प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं त्याचं हार्डवेअर लॉक. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर ढिम्म. बाबा ते देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपायचे. १४० पानं झाली. आम्ही कुणी वाचली नाहीत. वाचू निवांत, म्हटलं.

२०११ मध्ये नवा कॉम्प्युटर आला, त्याला ते पोर्टच नव्हतं. जुना भंगारात गेला. मी फायली आधी सीडीवर, मग पेनड्राइव्हवर, मग हार्डडिस्कवर कॉपी करत राहिलो आणि बॅकअप आहे म्हणून स्वतःची पाठ थोपटत राहिलो. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. यंदा छोटी पुस्तिका काढू म्हणून फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा नुसता उकिरडा! आकडे तेवढे शाबूत होते. त्या कचऱ्यात पानामागून पान १९७२, १९७२ एवढंच वाचता येत होतं.

तर मंडळी, भानगड अशी आहे. त्या काळातले बहुतेक मराठी फॉन्ट हे सोंग होतं. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत होता, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं दाखवायचा. फॉन्ट गेला की चित्रं गेली. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, कुठल्याही फॉन्टात तो 'क'च राहतो. आणि हे काल-परवाचं नाही, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे.

एका प्रेसवाल्या मित्राकडे तो फॉन्ट सापडला तेव्हा मी हुरळून गेलो. पण फॉन्ट मिळाला म्हणजे चित्र मिळालं, मजकूर नाही. त्यात 'विहीर' शोधायला जा, सापडत नाही. मोबाइलवर आत्याला पाठवा, पुन्हा डॉलर. मग कन्व्हर्टर. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलट. त्यामुळे 'मार्मिक' सारख्या साध्या शब्दाचा कन्व्हर्टर चिवडा करतो. गेले दोन महिने रोज रात्री मी वेलांट्या उचलून जागेवर ठेवतोय.

बाबांना मी दोष देत नाही. विंडोज ९८ वर धड युनिकोड नव्हतंच, ते दुसरं काय करणार होते? पण माझं काय? एक्सपीवर २००८ मध्ये मी स्वतः सीडी घालून देवनागरी सुरू केली होती, ब्लॉग लिहायला! तेव्हा बाबांचं सॉफ्टवेअर चालू होतं, लॉक होतं, मुख्य म्हणजे बाबा होते, अडलेला शब्द सांगायला. माझ्या नोंदींसाठी युनिकोड आणि त्यांच्या आठवणींसाठी "चालतंय ना".

आणि हा माझ्या एकट्याचा गाढवपणा नाही, म्हणून ही चिडचिड. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्यानंतर चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका छापायला गेलो तर प्रेसवाला म्हणतो, "युनिकोड नको साहेब, आमच्या फॉन्टात पाठवा." का? तर तो अजून पेजमेकर ७.० वर बसलाय, जी त्या सॉफ्टवेअरची २००१ सालची शेवटची आवृत्ती. का बदलत नाही? चालतंय ना! पत्रिकेचं एकवेळ ठीक, पण हीच माणसं संस्थांच्या स्मरणिका आणि गावांचे इतिहासही याच फॉन्टात जुळवतात. इंग्रजीने मराठी मारली म्हणून गळे काढायचे, आणि आपली मराठी स्वतःच्या हाताने इंग्रजी अक्षरांत पुरायची. याला काय म्हणावं?

म्हणे "पीडीएफ आहे की." अहो, पीडीएफमध्येही आत तेच डॉलर असतात. त्यातून एक ओळ कॉपी करून बघा.

असो. सातव्या प्रकरणापर्यंत आलोय. दुष्काळात बाबा वयाच्या सोळाव्या वर्षी खडी फोडायला जात होते, हे मला आत्ता, या वयात, वेलांट्या नीट करताना कळलं. आत्या, वाचत असशील तर एक सांग. कामावर मिळणारी सुकडी ते कुणासाठी तरी रुमालात बांधून आणायचे असं लिहिलंय, आणि नेमका तोच शब्द फुटलाय. 'ताई'सुद्धा असू शकतो, 'आई'सुद्धा. तुला आठवतंय का?