दोन वर्षांची पदविका : घ्यावी का, आणि घेतली तर पुढे काय?

तुमचा मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या आर्ट्स कॉलेजात एस.वाय.ला असेल, तर हा मजकूर जरा सावकाश वाचा. पूर्वी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडले की हाती गुणपत्रिकेशिवाय काही लागत नसे, आणि गावात ‘शिक्षण अर्धवट राहिलं’ एवढेच म्हणत. नव्या शैक्षणिक धोरणाने या अर्धवटालाही कागद दिला आहे. एक वर्ष पुरे करून बाहेर पडला तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष काढले तर ऑनर्स. हे धोरण केंद्राने जुलै २०२० मध्ये जाहीर केले. आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजे २०२३-२४ पासून आणि बाकीची संलग्न कॉलेजे २०२४-२५ पासून त्यात आली. तेव्हा तालुक्याच्या बहुतेक कॉलेजांतली पदविकेची पहिली तुकडी २०२६ च्या उन्हाळ्यातली.

घोटाळा आहे तो शब्दात. आपल्याकडे पदविका म्हटले की तंत्रनिकेतनाची, नाही तर कृषी विद्यालयाची. कृषी पदविकेवर खताच्या दुकानाचा परवाना काढता येतो, तंत्रनिकेतनवाला कारखान्यात लागतो. त्या पदविकांच्या मागे एक धंदा आहे. आर्ट्सच्या दोन वर्षांच्या पदविकेमागे तसा धंदा नाही, आणि ती पदवीही नाही. तलाठ्याची जागा घ्या (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). २०२३ च्या भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर आले. त्याला पदवीच लागते. राज्यसेवेलाही पदवीच. दोन वर्षांच्या कागदावर तो फॉर्म भरता येणार नाही. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी चालते, म्हणजे तिथे ही दोन वर्षे नसती तरी भागले असते. पोराला हे भरतीच्या जाहिरातीवरून कळण्याआधी घरात कळलेले बरे.

असा दोन वर्षांचा टप्पा अमेरिकेत जुना आहे. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघालेले सरकारी कॉलेज आजही चालू आहे. तिथे दोन वर्षांत साधारण ६० क्रेडिट मिळवले की ‘असोसिएट डिग्री’ मिळते. फी कमी, कॉलेज घराजवळ, काम करता करता शिकता येते. शेतकऱ्या-कामगारांची पोरे हीच वाट धरतात आणि पुढे राज्याच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जातात. ही सोय आपोआप झालेली नाही. कोणते पेपर पुढे धरायचे याचे करार दोन्हीकडच्या कॉलेजांनी आधी करून ठेवलेले असतात. त्यातही ‘जनरल स्टडीज’ म्हणून जी सर्वसाधारण डिग्री आहे, थोडा इतिहास, थोडे गणित, थोडे अजून काही, ती घेऊन गेलेल्याची बऱ्याचदा अडचण होते. पुढच्या विषयाला लागणारे पायाचे पेपरच त्यात नसतात, मग काही क्रेडिट वाया जातात. एवढ्या जुन्या व्यवस्थेत हे होते, तर आपल्याकडे अजून सगळेच नवे आहे.

आता आपला हिशेब. क्रेडिटला सरकारी शब्द श्रेयांक. मुले क्रेडिटच म्हणतात. वर्षाला किमान ४० प्रमाणे दोन वर्षांचे किमान ८० होतात. पण नुसत्या ८० वर पदविका मिळत नाही. बाहेर पडणाऱ्याला आणखी ४ श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजे इंटर्नशिप, पुरी करावी लागते. बरीच पोरे इथेच चुकतील. परीक्षा झाली की पुण्याला नाही तर एमआयडीसीत कामाला जायचे, आणि ते चार राहून जायचे. कॉलेजने हे चार श्रेयांक कुठे आणि कधी घेता येतील ते सुट्टी लागण्याआधी सांगितले पाहिजे. तुम्हीही प्राचार्यांना विचारा. विचारायला लाजू नका, फी तुम्ही भरता.

परत यायचे असेल तर तीन वर्षांच्या आत यायचे, आणि सगळे मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची. ही मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता वर्षे जातात.

आम्हाला शंका आहे ती मुलींची. एसटीचा अहिल्यादेवींच्या नावाचा मोफत पास बारावीपर्यंत. एफ.वाय.पासून सवलतीचा का होईना, पण पैसा मोजावा लागतो. दुसऱ्या वर्षापर्यंत स्थळे येऊ लागतात. आधी निदान ‘एवढं एक वर्ष होऊ द्या, मग ग्रॅज्युएट होईल’ असे म्हणता येत होते. आता ‘पदविका झाली की’ म्हणून लग्नाची तारीख धरली जाईल आणि गळतीला सरकारी शिक्का बसेल. ज्या घरात खरोखरच अडचण आहे तिथे ही सोय उपयोगी आहे, हे नाकारता येत नाही. बापाचे आजारपण, दोन वर्षे पाऊस नाही, धाकट्याची फी, अशा वेळी दोन वर्षांचे श्रेयांक जपून राहणे ही मोठी गोष्ट. पण अडचण नसताना ही वाट धरू नये.

श्रेयांक जपले जातात ते श्रेयांक बँकेत. २०२१ मध्ये सुरू झालेली ही ऑनलाइन खातेवही आहे, पैशाची बँक नव्हे. खाते आधारला जोडलेले असते आणि डिजिलॉकरमधून उघडता येते. ग्रामपंचायत अधिकारी आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी एक काम मनावर घ्यावे. आधारवर ‘सुनीता’ आणि गुणपत्रिकेवर ‘सुनिता’, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे जन्मतारीख वेगळी, हे आपल्याकडे घरोघर सापडते, आणि नाव जुळले नाही तर खाते जोडताना अडते. ही दुरुस्ती मूल कॉलेजात असतानाच करून घ्या. निकालानंतर खाते उघडून दोन्ही वर्षांचे श्रेयांक जमा दिसतात का ते पाहा, आणि नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.